जनावरांचा औषधोपचार महाग कां पडतो?

आमच्या संस्थेच्या सभासदांकडून जीं पत्रें येतात त्यांत अलीकडे एक तक्रार वारंवार आढळूं लागली आहे. बियाणें, खतें व मजुरी यांच्या भावाविषयींची तक्रार जुनीच आहे. परंतु आतां तिच्या जोडीला जनावरांच्या औषधोपचाराची तक्रार येऊन बसली आहे. गाय आजारी पडली, डॉक्टर तीनदां येऊन गेले, आणि त्या महिन्याचा दुधाचा सारा पैसा औषधाच्या दुकानांत गेला, असें एक सभासद लिहितात. दुसऱ्या एका सभासदानें घोड्याच्या पोटशुळावर जो खर्च केला त्यांत, ते म्हणतात, एक चांगली कालवड दावणीला आली असती. तिसरे गृहस्थ तर स्पष्टच विचारतात कीं, बैलाच्या किंमतीच्या निम्मा पैसा उपचारावर जाणार असेल तर शेतकऱ्यानें तो घालावा, कीं बैल दैवावर सोपवावा?

हा प्रश्न टाळण्यासारखा नाहीं. ज्याच्या दावणीला एकच जोडी आहे त्याचा एक बैल पेरणीच्या तोंडावर पडला तर केवळ जनावर जात नाहीं, तर त्या सालची पेरणीच मागें पडते. शिवाय महाराष्ट्रांत २०१५ सालीं कायद्यांत झालेल्या दुरुस्तीपासून बैलांच्या कत्तलीसही बंदी आहे. तेव्हां निकामी झालेला बैल विकून कांहीं रक्कम पदरांत पाडण्याची वाट आतां फारशी उरलेली नाहीं. अर्धवट बरें झालेलें जनावर पुढें कित्येक वर्षें वैरण खात उभें राहतें. म्हणून या खर्चाची नीट फोड करून, त्यांतला कोणता भाग टळण्यासारखा आहे व कोणता नाहीं, हें या लेखांत सांगण्याचा आमचा विचार आहे.

खर्चाचीं अंगें

पहिलें अंग म्हणजे जनावराचें वजन. औषधाची मात्रा वजनावर ठरते. साठ किलो वजनाच्या माणसास जें औषध एका गोळीनें पुरतें, तेंच चारशें किलोंच्या गायीस सहासातपट लागतें. गोचीड तापाचें उदाहरण घेऊं. या तापावर बुपार्व्हाकोन नांवाचें जें औषध टोचतात त्याची मात्रा दर वीस किलो वजनास एक मिलिलिटर अशी आहे. म्हणजे चारशें किलोंच्या गायीस वीस मिलिलिटर, अर्थात् एका वेळेस एक सबंध बाटली. औषध महाग आहे हें खरेंच; पण बाटलीचा भाव व जनावराचा आकार यांचा गुणाकार होतो, हें शेतकऱ्याच्या ध्यानीं येत नाहीं.

दुसरें अंग अंतराचें. माणूस दवाखान्यांत जातो. पण आजारी बैलाकडे दवाखान्यालाच यावें लागतें. डॉक्टराची वाट, इंधन व गेलेला वेळ या तिहींचा भार एकाच जनावरावर पडतो. रात्रींची वेळ व पावसाळ्यांतली वाट असली म्हणजे तो आणखी वाढतो. याच डॉक्टराला त्याच फेरींत त्याच गांवांत पांच जनावरें दाखविलीं तर हा भार पांचांत वांटला जाईल, ही गोष्ट उघड असूनही तशी तजवीज क्वचितच होते.

तिसरें अंग निदानाचें. जनावर आपलें दुखणें सांगत नाहीं. रक्त, शेण किंवा दूध तपासून रोग ठरविणें हा खरा मार्ग. पण तपासणीचे चार पैसे वांचविण्याकरितां आपण अंदाजानें औषधें देववितों. एका रोगावर तीन अंदाज झाले म्हणजे तीन औषधांचे पैसे होतात, व त्यांतलीं दोन व्यर्थ जातात.

चौथें अंग कोणत्याच बिलावर दिसत नाहीं. दहा लिटर दूध देणाऱ्या गायीस काससुजी, जिला खेड्यांत दगडी म्हणतात, ती झाली आणि प्रतिजैविकें टोचावीं लागलीं, तर उपचाराचे दिवस व त्यांपुढील औषधावर नमूद केलेले दिवस मिळून तिचें दूध विकतां येत नाहीं. असे सहा दिवस धरले तरी साठ लिटर दूध ओतून द्यावें लागतें. ही रक्कम पुष्कळदां औषधांच्या रकमेहून मोठी असते.

पांचवें अंग म्हणजे उशीर, आणि आमच्या मतें सर्वांत जड अंग हेंच होय.

दोन गायींची गोष्ट

आमच्याच सभासदांपैकीं दोघांच्या संकरित गायी एकाच पावसाळ्यांत गोचीड तापानें आजारी पडल्या. पहिल्यानें सकाळीं गाय आंबोण सोडून उभी राहिलेली पाहिली, थर्मामीटर लावला, ताप एकशें पांच भरला, आणि खांद्याच्या पुढची गांठ सुजलेली हातास लागली. त्यानें त्याच दिवशीं डॉक्टर बोलाविले. रक्त पाहून दुसऱ्या दिवशीं औषध टोचलें गेलें व आठवड्यांत गाय वैरण खाऊं लागली. सारा खर्च तीन हजारांच्या आंत भागला.

दुसऱ्यानें प्रथम घरचा काढा पाजला. तिसऱ्या दिवशीं गांवांत सुई टोचीत फिरणाऱ्या एका इसमाकडून ताप उतरण्याचें इंजेक्शन देवविलें. ताप तेवढ्यापुरता उतरला, गायीनें दोन घास खाल्ले, आणि घरच्या मंडळीस हायसें वाटलें. परंतु रक्तांतला जंतू जागच्या जागीं होता. सहाव्या दिवशीं डोळ्यांच्या आंतली कड पांढरी पडली, आठव्या दिवशीं गाय बसली. मग डॉक्टर आले, सलाईन झालें, दुसऱ्या गायीचें रक्त काढून चढविण्यापर्यंत पाळी आली. चौदा हजार रुपये खर्च होऊन दहाव्या दिवशीं गाय गेली. त्या सभासदानें आमच्यापाशीं उपचाराच्या महागाईची तक्रार केली. आम्हीं ती शांतपणें ऐकून घेतली; कारण ज्याची गाय नुकतीच गेली आहे त्याला हिशेब दाखविण्याची ती वेळ नव्हती. पण आज लिहितांना सांगितलें पाहिजे कीं, दोघांचा रोग एक, खरें औषध एक, व त्याची किंमतही एकच होती. अकरा हजारांचा फरक हा सहा दिवसांच्या उशिराचा भाव होता.

येथें एक खुलासा अवश्य आहे. पशुवैद्यकाचा व्यवसाय कोणी करावा हें १९८४ सालच्या भारतीय पशुवैद्यक परिषद कायद्यानें ठरविलें आहे. नोंदणी झालेल्या पदवीधरानेंच रोगनिदान व औषधयोजना करावी; पदविकाधारकांनीं ठराविक किरकोळ सेवा पदवीधराच्या देखरेखीखालीं द्याव्या, असा त्याचा आशय आहे. स्वस्तांत सुई टोचणारा इसम दारांत येतो म्हणून त्याचा मोह पडतो; परंतु चुकीच्या सुईनें रोगाचीं चिन्हें झांकलीं जातात, आणि मागाहून येणाऱ्या डॉक्टराचें काम दुप्पट अवघड होतें.

घोड्याचा खर्च अधिक कां?

घोडा बाळगणारे आमचे सभासद थोडे आहेत. पण त्यांची अडचण सर्वांत मोठी आहे. देशांतलीं घोडीं व तट्टें २०१२ सालच्या पशुगणनेंत सुमारें ६.२ लाख होतीं. तीं २०१९ सालच्या गणनेंत सुमारें ३.४ लाखांवर आलीं. जनावरें कमी झालीं म्हणजे त्यांवर हात बसलेले वैद्यही कमी होतात. खेड्यांतल्या डॉक्टराच्या हाताखालून वर्षांत शेंकडों गायी जातात, घोडीं मात्र चारदोनच. म्हणून घोड्याचा जाणता डॉक्टर दूरच्या शहरांतून आणावा लागतो, आणि अंतराचा जो भार वर सांगितला तो येथें दुणावतो.

दुसरें कारण घोड्याच्या घडणींत आहे. गायीचें पोट चार कप्प्यांचें व प्रचंड. घोड्याचें जठर मात्र एकच, सुमारें आठ ते पंधरा लिटरांचें, आणि घोड्याला ओकारी होत नाहीं. जास्त दाणा, बुरसटलेली वैरण, एकाएकीं केलेला खाद्यांतला बदल अथवा जंतांचा बुजबुजाट यांमुळें आंतडें तुंबलें किंवा पिळलें म्हणजे आंत सांचलेल्या वायूस व पाण्यास वरून वाट उरत नाहीं. घोडा पाय झाडतो, वळून कुशीकडे पाहतो, घामेजतो, लोळतो. अशा वेळीं डॉक्टर नाकांतून नळी घालून जठर मोकळें करतात व वेदनाशामक औषध शिरेंतून देतात. तेवढ्यानें पुष्कळ घोडीं वांचतात. परंतु आंतडें पिळलें असेल तर शस्त्रक्रियेवांचून उपाय नाहीं. एवढ्या वजनाच्या जनावरास संपूर्ण भूल देणें, त्यास उचलून मेजावर घेणें, व भूल उतरल्यावर पाय न मोडूं देतां उभें करणें, यांस विशेष यंत्रें व चारसहा माणसें लागतात. अशी सोय मोजक्याच ठिकाणीं आहे. म्हणून तिचा खर्च साध्या शेतकऱ्याच्या आवांक्याबाहेर जातो. पोटशूळ झालेल्या घोड्यास बाटलीनें तेल किंवा काढा पाजण्याची जुनी चाल आहे ती मात्र सोडावी. औषध फुप्फुसांत उतरून घोडा दगावण्याचें भय असतें.

धनुर्वाताचें उदाहरण आणखी बोधप्रद आहे. घोडा या रोगास इतर सर्व गुरांहून अधिक बळी पडतो. खुरांत घुसलेला एक गंजका खिळा पुरे होतो. रोग झाल्यावर प्रतिविषाच्या मोठ्या मात्रा, अंधारी व निवांत जागा, आणि आठवडेच्या आठवडे रात्रंदिवस शुश्रूषा एवढें करूनही पुष्कळ घोडीं हातचीं जातात. उलट, आधींच चार आठवड्यांच्या अंतरानें दोनदां व पुढें दर वर्षीं एकदां लस टोचून ठेविली तर त्याचा खर्च एका नालबंदीच्या खर्चाएवढाही क्वचितच होतो. तेव्हां घोडेवाल्यानें दाणा थोडा थोडा व वेळच्या वेळीं घालावा, स्वच्छ पाणी सदैव ठेवावें, जंतांचें औषध डॉक्टराच्या सल्ल्यानें द्यावें, खूर सहाआठ आठवड्यांनीं साळून घ्यावे, आणि वर्षांतून एकदां दांत तपासून त्यांचीं टोकें घासून घ्यावीं. सारंगखेड्याच्या किंवा माळेगांवच्या बाजारांत घोडा घेणाऱ्यानें शेंबा रोगाकरितां रक्ताची तपासणी झाली आहे कीं नाहीं, हें भाव ठरविण्याच्या आधीं विचारावें. त्या रोगावर घोडा वांचविणारा उपचार नाहीं. तो माणसालाही होतो, व कायद्याप्रमाणें रोगी घोडा मारावा लागतो.

स्वस्त औषधांचा मोह

महागाईस कंटाळून कोणतेंही स्वस्त औषध पत्करणें हितावह नाहीं. डायक्लोफेनॅक नांवाचें वेदनाशामक एके काळीं गुरांस सर्रास देत असत. तें खरोखरच स्वस्त होतें. परंतु तें टोचलेलें जनावर मरून त्याचें मांस गिधाडांनीं खाल्लें म्हणजे त्यांचे मूत्रपिंड निकामी होत. देशांतलीं गिधाडें जवळजवळ नाहींशीं झालीं, आणि गांवाबाहेर पडलेलीं मढीं साफ करणारा फुकटचा चाकर गेला. २००६ सालीं गुरांकरितां त्या औषधास बंदी झाली. आज त्याच्या जागीं मेलॉक्सिकॅम वापरतां येतें व तें फार महागही नाहीं. तेव्हां औषध घेतांना स्वस्ताईपेक्षां युक्ततेकडे आधीं पहावें. मात्र योग्य औषध ठरल्यावर तें मूळ घटकाच्या नांवानें स्वस्त मिळतें काय, हें डॉक्टरास अवश्य विचारावें. त्यांत संकोच नको. गुरांचीं औषधें अशा साध्या नांवांनीं स्वस्तांत मिळावीं म्हणून मध्यवर्ती सरकारनें ‘पशु औषधि’ ही तरतूद मार्च २०२५ मध्यें मंजूर केली आहे. तिचें दुकान आपल्या तालुक्यांत यावें म्हणून मागणी करणें हें संस्थांचें काम आहे.

सर्वांत स्वस्त उपचार

ज्यांनीं बुळकांडीच्या गोष्टी आजोबांच्या तोंडून ऐकल्या असतील त्यांस आठवेल कीं, ती सांथ आली म्हणजे गोठेच्या गोठे ओस पडत. तिच्याशीं झगडण्याकरितां १८८९ सालीं पुण्यांत एक प्रयोगशाळा निघाली; ती पुढें १८९३ सालीं हिमालयांत मुक्तेश्वर येथें गेली. तेथें लसीचा शोध लागला, १९५४ सालीं देशभर लस टोचण्याची मोहीम सुरू झाली, १९९५ नंतर या देशांत त्या रोगाचें एकही जनावर आढळलें नाहीं, आणि २०११ सालीं जगांतूनच तो नष्ट झाल्याचें जाहीर झालें. आज कोणताही शेतकरी बुळकांडीच्या औषधावर एक पैसाही खर्च करीत नाहीं. जो रोग होतच नाहीं त्याचाच उपचार सर्वांत स्वस्त, हें यावरून सिद्ध होतें.

जी गोष्ट त्या रोगाची तीच इतरांची. घटसर्प व फऱ्या यांच्या लसी पावसाळ्यापूर्वीं टोचून घ्याव्या. लाळ-खुरकुतीची लस २०१९ सालीं सुरू झालेल्या राष्ट्रीय कार्यक्रमाखालीं सरकारी दवाखान्यामार्फत मोफत मिळते. ती वर्षांतून दोनदां द्यावी. चार ते आठ महिन्यांच्या कालवडींस सांसर्गिक गर्भपाताची लस आयुष्यांत एकदांच देतात. शेळ्यामेंढ्यांस आंत्रविषाराची लस पावसाळ्याआधीं द्यावी. २०२२ सालीं लंपी त्वचारोगानें केवढी दाणादाण उडविली तें सर्वांच्या स्मरणांत आहे. त्या रोगाची लसही चुकवूं नये.

लसीवांचूनही पुष्कळ करतां येतें. गोठ्याच्या भेगा बुजवून गोचिडांचा बंदोबस्त करणें. धार काढण्यापूर्वीं व नंतर सड स्वच्छ करणें. वैरणींत तार व खिळे जाऊं न देणें, या साध्या गोष्टी होत. गिळलेली तार काळजापर्यंत पोंचली कीं पोट उघडूनही गुण येईल असें सांगवत नाहीं; उलट एक लहानसें लोहचुंबक डॉक्टराकडून पोटांत सोडवून ठेविलें तर तें लोखंडास जागच्या जागीं धरून ठेवतें. पोळ्याच्या आदल्या दिवशीं आपण बैलाचे खांदे मळतों. तोच हात महिन्यांतून एकदां सर्व जनावरांच्या अंगावरून फिरविला तर खांद्याची सूज, गांठ, जखम व गोचीड वेळींच कळून येतील.

संस्थेनें काय करावें

एकट्या शेतकऱ्याच्या हातीं जें नाहीं तें संस्थेच्या हातीं आहे. गांवांत एक मजबूत खोडा असावा, म्हणजे डॉक्टराचा निम्मा वेळ जनावर धरण्यांत जाणार नाहीं. महिन्यांतला एक दिवस ठरवून सर्वांचीं तपासण्याजोगीं जनावरें एकत्र आणावीं व फेरीचा खर्च वांटून घ्यावा. दर जनावरामागें दरमहा थोडीशी रक्कम जमा करून उपचाराचा फंड ठेवावा. त्यांतून अडलेल्यास बिनव्याजी उचल द्यावी, म्हणजे पैसे नाहींत म्हणून चार दिवस थांबण्याची पाळी येणार नाहीं. संस्थेजवळ एक थर्मामीटर असावा व तो लावण्यास दोघांतिघांस शिकवावें. गायीबैलांचें स्वाभाविक उष्णमान सुमारें १०१.५ अंश, घोड्याचें ९९ ते १०१.५, शेळीचें १०२ ते १०३.५ असतें. याहून दोन अंश अधिक आढळल्यास वाट पाहूं नये.

सरकारी दवाखान्याचें शुल्क आजही नाममात्र आहे. तेथें औषध नसेल तर चिठ्ठी तरी योग्य मिळते. १९६२ या क्रमांकावर दूरध्वनि केल्यास फिरतें पशुवैद्यकीय पथक गोठ्यापर्यंत येण्याची व्यवस्था झाली आहे. तो क्रमांक गोठ्याच्या दारावर लिहून ठेवावा. विम्याचाही विचार करावा. २०२४ सालच्या दुरुस्तीनंतर राष्ट्रीय पशुधन अभियानाखालीं हप्त्याचा अवघा १५ टक्के भाग शेतकऱ्यास भरावा लागतो. हा विमा जनावर दगावल्यास मिळतो, उपचाराच्या खर्चाकरितां नव्हे, हें मात्र ध्यानांत ठेवावें; तसेंच कानांतला बिल्ला पडूं देऊं नये.

अवघड प्रश्नाचें उत्तर

शेवटीं त्या तिसऱ्या सभासदांच्या प्रश्नाकडे वळूं. उपचाराचा खर्च करावा कीं नाहीं, हें रात्रीं बारा वाजतां कण्हणाऱ्या जनावराशेजारीं बसून ठरवितां येत नाहीं. त्या वेळीं मन एक तर भलता खर्च करतें, नाहीं तर भलता काटकसरपणा. म्हणून डॉक्टरास पहिल्याच भेटींत तीन गोष्टी सरळ विचाराव्या: रोग कोणता, बरें होण्याची आशा किती, व शेवटपर्यंतचा खर्च अंदाजें काय. सचोटीचा डॉक्टर या प्रश्नांनीं रागावत नाहीं. आशा चांगली असेल तर बैलाच्या किंमतीचा निम्मा खर्चही तोट्याचा नव्हे. कारण नवा बैल आणण्यास पूर्ण किंमत पडते, आणि जोडीला जमेल असा बैल लगोलग मिळेलच असेंही नाहीं. आशा नसेल तर औषधांचा भडिमार थांबवून वेदना कमी करण्यापुरताच उपचार करवावा. तो खर्च फार नसतो, आणि ज्यानें आपल्या खांद्यावर आपली शेती वाहिली त्याचें तेवढें देणें आपण लागतोंच.

औषधांचे भाव आपल्या हातांत नाहींत. परंतु लसीची तारीख, आजाराचा पहिला दिवस व शेजाऱ्याशीं सहकार्य या तीन गोष्टी आपल्याच हातच्या आहेत. येत्या पावसाळ्यापूर्वीं प्रत्येक सभासदानें आपल्या दावणीचा या दृष्टीनें एकदां हिशेब मांडून पहावा, अशी आमची विनंती आहे.